धूळ रात्रीत बसते

पाळी गावात कोणाच्या घरी माणूस गेलं की पहिला निरोप भटजींना जात नसे, कृष्णनाथला जात असे. तो येई, पायरीखाली चपला जोडीने काढून ठेवी, मयताच्या पायांशी उभा राहून हात जोडी आणि मग मनगटावरच्या घड्याळाकडे बघे. घरातलं कोणीतरी विचारी, "कितीला?" तो सांगे, "साडेदहा." आणि साडेदहा म्हणजे साडेदहा. बांबू, सुंभ, मडकं, लाकडं, सारं तोवर जागच्या जागी असे. ही कामगिरी त्याला कोणी दिली नव्हती. खनिजाच्या खाणीवर सव्वीस वर्षं तो टायमकीपर होता. कुठला ट्रक किती वाजता फाटकातून गेला, कुठला कामगार किती मिनिटं उशिरा आला, हे त्याच्या वहीत असे. खाण बंद पडली, पुढे थोडीफार सुरू झाली, तोपर्यंत तो घरी बसला होता. घड्याळ मात्र मनगटावर राहिलं, आणि गावाने त्याचा असा उपयोग करून घेतला.

वेळेला एवढं महत्त्व असायला कारणही होतं. गावात मढं असेतो देवळात घंटा वाजत नाही, देवाला नैवेद्य नाही, शेजारपाजारच्या घरांतून चूल पेटत नाही. एका घराने उशीर केला की सगळा गाव उपाशी खोळंबतो. म्हणून कृष्णनाथ ठाम असे. "गेलेल्याला घाई नसते," तो म्हणे, "पण राहिलेल्यांना जेवायचं असतं."

या ठामपणाने एकदा एक माणूस दुखावला होता. अकरा वर्षांपूर्वी शांतारामचे वडील गेले. थोरला भाऊ विठू रत्नागिरीहून निघाला होता आणि घाटात दरड आल्यामुळे त्याची बस अडकली होती. शांताराम म्हणाला, आणखी थोडं थांबू. कृष्णनाथने एक वाजेपर्यंत वाट पाहिली आणि तिरडी उचलायला लावली. विठू पोचला तो चाळीस मिनिटं उशिरा. खांद्याची पिशवी न उतरवता तो धुराकडे बघत उभा राहिला. शांतारामने पुढे बोलणं तोडलं नाही. फक्त त्या दिवसापासून त्याने कृष्णनाथला कधी वेळ विचारली नाही. रस्त्यात दोघे बोलत उभे असले तरी शांताराम खिशातून स्वतःचा मोबाइल काढून बघे.

कृष्णनाथची धाकटी बहीण सुमंगला गावातच दिली होती. तिचा नवरा खाणीच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला तेव्हा चौकशी पुरी होईपर्यंत त्याला इस्पितळाच्या शवागारातल्या थंड खणात तीन दिवस ठेवलं होतं. खण ओढून काढला तेव्हा सुमंगलाने त्याच्या हाताला हात लावला होता. त्यावर ती पुढे कधी फारसं बोलली नाही. पण गेल्या गणपतीनंतर तिचं हृदय थकत चाललं, डॉक्टरांनीही हात टेकले, तेव्हा एका दुपारी जनेलाशी बाहेर बघत बसून ती म्हणाली, "दादा, दोन गोष्टी. मला त्या खणात घालू नका. आणि गौरेश आल्याशिवाय नेऊ नका."

गौरेश तिचा एकुलता मुलगा. आधी खाणीवर ट्रक चालवी. खाण बंद झाल्यावर मस्कतला गेला आणि तिथल्या बंदरात क्रेन चालवू लागला.

"बरं," कृष्णनाथ म्हणाला. त्याचं 'बरं' म्हणजे वहीतली नोंद असे. आजवर त्यात खाडाखोड झाली नव्हती.

नोव्हेंबरअखेरच्या एका सोमवारी पहाटे सुमंगला गेली. आईला बरं नाही म्हणून गौरेशने त्याच रात्रीचं तिकीट आधीच काढून ठेवलं होतं. मस्कतहून निघायचं, सकाळी सहाला मोपाच्या विमानतळावर उतरायचं. कृष्णनाथने मनात आखणी केली. सहाला मोपा, तासभर सामानसुमान, साडेआठला घर, दहाला बाहेर. खाटेखाली बर्फाच्या लाद्या ठेवल्या, उशाशी दिवा लावला, तिच्या पुतण्याला, प्रवीणला, बसवलं. प्रवीण हा सुमंगलाच्या दिराचा मुलगा. शांत आणि सांगितलेलं काम मुकाट्याने करणारा.

अडचण एकच होती. मंगळवारी गावची जत्रा होती. दिवेलागणीला पालखी देवळातून निघायची. शांताराम आता देवस्थान समितीचा सचिव होता. तो दुपारी येऊन सुमंगलाच्या घरी सोप्यावर बसला.

"कृष्णनाथबाब, सोमवार आम्ही सोसला," तो म्हणाला. "उद्याचं कसं?"

"उद्या दहाच्या आत मोकळं करतो."

"नक्की?"

"मी कधी चुकलोय?"

शांतारामने मोबाइल काढून वेळ बघितली आणि उठला. "नाय," तो म्हणाला. "तुम्ही कधी चुकला नाय."

चार वाजता गौरेशचा फोन आला.

"मामा, इथे काही वेगळंच चाललंय. आफ्रिकेत कुठला तरी डोंगर फुटलाय. त्याची राख वर गेलीय, वाऱ्यानं समुद्रावर आलीय. रात्रीच्या विमानाचं नक्की नाय म्हणतात."

"राख म्हणजे धूळच ना?"

"धूळच. माझ्या खोलीतला एक जण कोचीनचं विमान घेतोय, ते संध्याकाळीच सुटतं. तो म्हणतो, खालच्या अंगानं जातं, त्याला बाध नाय. त्यात एक जागा आहे. तिथून रेल्वेनं थिवी स्टेशनात उतरलो तर उद्या साडेतीन-पावणेचार होतील. घरी साडेचार. काय करू?"

कृष्णनाथने घड्याळाकडे पाहिलं. साडेआठ आणि साडेचार. मध्ये आठ तास. बर्फ, जत्रा, पालखी, शांताराम. आणि धूळ. धुळीचं गणित पाळीच्या माणसाला शिकवावं लागत नाही. दिवसभर ट्रकांनी उडवलेली तांबडी धूळ घरात, पाण्यात, भातात असायची. संध्याकाळी रस्त्यावर टँकरने पाणी मारलं की ती बसे, आणि उरलीसुरली पहाटेच्या दवाने. सकाळी सहाच्या पाळीला फाटक उघडे तेव्हा हवा धुतल्यासारखी असे. सव्वीस वर्षं त्याने हे पाहिलं होतं.

"थांब," तो म्हणाला. "कोचीनच्या फंदात पडू नको. धूळ रात्रीत बसते. सकाळी सुटेल विमान."

"मलाही तसंच वाटतं," गौरेश म्हणाला.

मंगळवारी सहा वाजले. सात वाजले. मोपाला गाडी घेऊन गेलेल्या माणसाने फोन केला की फलकावर विमानाच्या नावापुढे 'रद्द' असं आलंय. गौरेशचा फोन मग आला. तो मस्कतच्या विमानतळावर खाली लादीवर बसला होता.

"कधी सुटेल?"

"कोण सांगत नाय, मामा. इथे दोनशे माणसं आहेत. सगळे एकमेकांनाच विचारतात."

बाहेर सोप्यावर गावकरी जमू लागले होते. पाववाला पदेर सायकलवरून येऊन पोंऽ पोंऽ वाजवायला लागला, घरासमोरची गर्दी बघून त्याने भोंगा सोडला आणि पाव न विकताच पुढे गेला.

"धुळीनं विमान थांबतं म्हणे," एक जण म्हणाला. "आमचे ट्रक बरे. दुपारी दिवे लावून जायचे, पण जायचे."

"मग ट्रक पाठव मस्कतला."

"धुळीला भिऊन थांबलो असतो तर पाळीत कोणाचं लग्नसुद्धा झालं नसतं."

दबलेलं हसू उमटलं आणि विरलं. कृष्णनाथला ते ऐकू येत होतं. कालपर्यंत हेच तो स्वतः बोलला असता.

शांतारामची मुलगी तेजस्विनी साखळीच्या उच्च माध्यमिक विद्यालयात भूगोल शिकवते. ती सुमंगलाला फूल वाहायला आली होती. कृष्णनाथने तिला बसायला कदेल पुढे केलं आणि हळूच विचारलं, "बाय, दव पडलं ना रात्री? मग बसली कशी नाय?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तिने कदेल जवळ ओढलं.

"काका, दव इथे पडतं. आपल्या डोक्याच्या उंचीला. ही राख बारा-चौदा किलोमीटर वर आहे. आणि ती आपल्या चुलीतली राख नव्हे. दगडाचा, काचेचा चुरा तो. इंजिनात गेला की वितळतो आणि आत चिकटून बसतो. म्हणून विमानं जात नाहीत."

"पण खाली येईलच ना? जड असेल तर."

"जड आहे ती येईल. चार दिवसांत, आठ दिवसांत, कुठे कुठे पडेल. तोवर वारा नेईल तिकडे. पण डोंगरातून नुसती राख निघत नाही, गंधकाचा वायूही निघतो. तो आणखी वर चढला तर पुढचं वेगळंच असतं." तिने हात डोक्यावर धरला, मग त्याच्याही वर. "ढग, पाऊस, वादळ, हे सगळं खालच्या थरात. त्याच्यावर दुसरा थर आहे. तिथे पाऊसच नाही. त्या वायूचे आम्लाचे थेंब बनतात, इतके बारीक की डोळ्यांना दिसायचे नाहीत. ते धुवायला वर काहीच नसतं. वारे त्यांना पूर्व-पश्चिम फिरवत राहतात. दोन-तीन आठवड्यांत पृथ्वीला वेढा पडतो. मग हळूहळू उत्तरेला आणि दक्षिणेला पसरतात."

"आणि बसतात कधी?"

"वर्ष. कधी दोन वर्षं. आपल्या या मधल्या पट्ट्यावर तर हवा वरच उचलली जाते. उतरते ती पार ध्रुवांकडे. जिथून वर गेलं तिथे ते परत येतच नाही म्हणा ना." मग तिला वाटलं असावं की आपण वर्गात नाही. ती म्हणाली, "या खेपेला त्यातलं वर किती गेलं, ते अजून मोजताहेत, काका. बहुतेक थोडंच असेल. विमानांना अडचण आहे ती खालच्या राखेची. ती जाईल."

"आज?"

"ते मला सांगता येणार नाही."

कृष्णनाथ मान हलवून आत गेला. खाटेखालच्या लाद्यांचं पाणी होऊन वाहत उंबऱ्यापर्यंत आलं होतं. प्रवीण फडक्याने ते टिपत होता. मरण कृष्णनाथला नवं नव्हतं. ज्याला वेळ नाही अशी गोष्ट नवी होती. ट्रक बिघडला तर मेकॅनिक येई, दरड पडली तर जेसीबी येई, कोणाला तरी जाऊन विचारता येई, "किती वेळ लागेल?" इथे विचारायचं कोणाला?

अकरा वाजता शांताराम पुन्हा आला. सोबत समितीतले दोघे होते. ते बाहेर थांबले, तो आत आला.

"एक करता येईल," तो म्हणाला. "डिचोलीच्या इस्पितळात नेऊन ठेवू. गाव मोकळा होईल. गौरेश आला की तिथून आणू. लोक करतातच तसं."

"ती नको म्हणाली होती."

"मग आज न्या."

"तेही नको म्हणाली होती."

शांताराम खाटेकडे बघत उभा राहिला. "मग काय हवं तुम्हाला?" तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, म्हणूनच कृष्णनाथला उत्तर देणं जड गेलं.

"थोडं थांबायला हवं," तो शेवटी म्हणाला. अकरा वर्षांपूर्वी हेच शब्द शांतारामचे होते. ते दोघांनाही आठवले. पण शांतारामने टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

"किती थांबायचं?" एवढंच त्याने विचारलं.

कृष्णनाथने सवयीने मनगट वर केलं. काटे फिरत होते. त्यातून काही कळत नव्हतं.

एक वाजता त्याने स्वतःच गौरेशला फोन लावला आणि सगळं सांगितलं. इस्पितळाचं, जत्रेचं, बर्फाचं. पलीकडे बराच वेळ विमानतळावरची घोषणा ऐकू येत राहिली.

"मामा, बाबांना मी पण बघितलं होतं त्या खणात," गौरेश म्हणाला. "तिला तिथे नको ठेवू. दोन दिवस म्हणून ठेवशील आणि मी आठ दिवस आलो नाय तर? तू ने. प्रवीण देईल अग्नी."

"तू येईपर्यंत थांबतो म्हणालो होतो मी तिला."

"तू थांबलास. मी आलो नाय."

कृष्णनाथ बाहेर आला. अंगणात बांबू आडवे टाकून माणसं बसली होती. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. कोणीतरी नेहमीप्रमाणे विचारलं, "कितीला, बाब?"

त्याने तोंड उघडलं, पण आकडा आला नाही. अंगणातली माणसं वाट बघत राहिली.

मग मागून शांतारामचा आवाज आला. "चारला," तो म्हणाला. "चार वाजता नेऊया." त्याने मोबाइल खिशात ठेवला आणि बांबू बांधायला खाली बसला.

चार वाजून दहा मिनिटांनी सुमंगलाला नेलं. स्मशान जवळच, जुन्या खाणीच्या खड्ड्यापलीकडे. तिथे मोबाइलला रेंज धड नसते. अग्नी द्यायचा म्हणून प्रवीणने आपला फोन तेजस्विनीकडे दिला. ती आत येत नव्हती, कुंपणाच्या उंचवट्यावर उभी राहून गौरेशला दिसावं म्हणून फोन उंच धरत होती. गौरेशचं चित्र येई आणि मध्येच थिजे. थिजलं की त्याचं तोंड अर्धवट उघडं राही. प्रवीणने मडकं खांद्यावर घेऊन तीन फेऱ्या मारल्या आणि अग्नी दिला तेव्हा पडद्यावर काहीच नव्हतं, नुसतं एक गोल चक्र फिरत होतं.

लाकडांनी पेट घेतला. धूर सरळ वर गेला, झाडांच्या वर, खड्ड्याच्या कड्याच्याही वर, आणि मग कुठे गेला ते दिसेनासं झालं. कृष्णनाथने घड्याळ बघितलं. साडेचार झाले होते. कोचीनच्या वाटेने आला असता तर गौरेश आत्ता अंगणात पाऊल टाकत असता. हे गणित त्याला करायचं नव्हतं, ते आपोआप झालं. सव्वीस वर्षांची सवय.

दिवेलागणीला पालखी निघाली. ढोल कृष्णनाथला सुमंगलाच्या घरी बसून ऐकू आले. यंदा पालखी त्या दारावरून न्यायची नव्हती, सुतक होतं. पण शांतारामने ती वळवताना वाद्यं बंद ठेवली, आणि त्या वाकणावर पन्नास-साठ माणसं नुसती चालत गेल्याचा आवाज आला.

गौरेश गुरुवारी सकाळी आला, राख सावडायला. आधी तो स्मशानात गेला, मग घरी. अंघोळ करून ओल्या केसांनी सोप्यावर मामाच्या शेजारी बसला.

"कितीला नेलं?"

"चार वाजून दहा मिनिटांनी."

गौरेशने मान हलवली. "तेव्हा आम्हाला विमानात बसवलं होतं. दीड तास बसवून परत उतरवलं."

जे सांगायचं होतं ते दोन दिवस कृष्णनाथच्या मनात घोळत होतं. "तो तुझ्या खोलीतला," तो म्हणाला, "कोचीनचा. पोचला?"

"पोचला."

"मी तुला थांब म्हणालो."

"तू म्हणालास म्हणून थांबलो नाय, मामा," गौरेश म्हणाला. "मला पण वाटलं, धूळ आहे, रात्रीत बसेल. तिथे सगळे मला हसत होते. केरळचे, तामिळ, कोणीच तसं धरून बसलं नव्हतं. मी एकटाच. मी पण पाळीचाच ना."

हे त्याने मामाला हलकं करायला सांगितलं. कृष्णनाथला त्याने हलकं वाटलं नाही. घरात, पाण्यात, भातात शिरलेली ती धूळ या पोराच्या डोक्यातही त्यानेच भरली होती, असं त्याला वाटलं.

बारावं-तेरावं करून गौरेश परत गेला. पुढे डिसेंबरभर सूर्य बुडाल्यावर वीसेक मिनिटांनी पश्चिमेला आभाळ जांभळट व्हायचं, जांभूळ खाल्लेल्या जिभेसारखं, आणि बराच वेळ तसंच राहायचं. गावातले लोक म्हणाले, ट्रक वाढलेत, खाणीची धूळ. तेजस्विनीला कृष्णनाथने विचारलं. ती म्हणाली, "त्या डोंगराचंही असेल, काका. खाणीचंही असेल. नुसत्या डोळ्यांनी नाही सांगता यायचं." तरी तो रोज बघायचा. पहाटे उठून बघायचा, दव पडलेलं असायचं. अंगणातल्या तुळशीवर, पायरीवर, शेजाऱ्याच्या स्कूटरच्या सीटवर. संध्याकाळी आभाळ पुन्हा जांभळट.

जानेवारीत वरच्या वाड्यावर एक म्हातारी गेली. निरोप नेहमीप्रमाणे कृष्णनाथकडे आला. त्याने पायरीखाली चपला जोडीने काढल्या, पायांशी उभा राहून हात जोडले. घड्याळ मनगटावर होतं, पण त्याने तिकडे पाहिलं नाही.

"कितीला, बाब?" म्हातारीच्या सुनेने विचारलं.

"कोण यायचंय?" त्याने विचारलं.

"मुलगी. पुण्याहून निघालीय."

तो सोप्यावर बसला. बाहेर शेजारच्या घरांतून चुली थंड होत्या, देवळात घंटा नव्हती. शांताराम कुंपणाशी येऊन उभा राहिला होता. त्यानेही काही विचारलं नाही.

"थांबूया," कृष्णनाथ म्हणाला. "किती, ते मला विचारू नका."